फ्रेंच शिकताना आधार कोणाचा? इंग्रजीचा की मराठीचा?

स्वल्पविराम:
फ्रेंच शिकायला बसलं की पहिल्या दिवसापासून इंग्रजी मध्ये येते. पुस्तक इंग्रजीतून, ॲप इंग्रजीतून, व्याकरण समजावून सांगणारेही इंग्रजीतूनच सांगतात. साहजिकच फ्रेंच शब्द दिसला की डोळे तो इंग्रजीसारखा वाचतात आणि जीभही तसाच बोलते. माझं मत असं की मराठी येणाऱ्याने सुरुवातीचे काही महिने मराठीचा आधार घ्यावा. आपल्याकडे नामांना लिंग आहे, विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं, तू-तुम्ही आहे, दंत्य त आणि द आहेत. इंग्रजीत यातलं एकही नाही.

तर जाणकारांना तीन प्रश्न. उच्चार वहीत देवनागरीत लिहून घ्यावेत का? शब्दांची लिंगं लक्षात ठेवायची खात्रीची रीत कोणती? आणि मराठीची सवय नेमकी कुठे आडवी येते?

कृपया नुसतं 'सराव करा' एवढंच सांगू नका. काय करायचं ते नीट लिहा, म्हणजे पुढे येणाऱ्यांनाही उपयोग होईल.

काळा_फळा:
पहिल्या प्रश्नाला माझं स्पष्ट 'नाही'.

फ्रेंचमध्ये अक्षरांवरून उच्चार बहुतेक वेळा सांगता येतो. उच्चारावरून अक्षरं मात्र सांगता येत नाहीत. 'ओ' हा एकच आवाज घ्या. (अक्षरांची नावं इंग्रजीप्रमाणे लिहितोय.) नुसता ओ, डोक्यावर टोपी असलेला ओ, ए-यू, ई-ए-यू, शिवाय यांच्या शेवटी मुका टी, एस किंवा एक्स लागलेले प्रकार, सगळ्यांचा उच्चार 'ओ'. 'सुंदर' या अर्थाचा शब्द तुम्ही वहीत 'बो' असा लिहिलात तर त्याच्या शेवटी ई-ए-यू आहे हे कधी नजरेत भरणारच नाही. बोलताना चालून जाईल, लिहिताना अडाल.

त्यापेक्षा अक्षरांच्या जोड्या पाठ करा. ओ-यू म्हणजे ऊ. ओ-आय म्हणजे वा. ए-आय आणि ई-आय म्हणजे ए किंवा ॲ. सी-एच म्हणजे श. क्यू-यू म्हणजे नुसता क, त्यात व नाही. जी-एन म्हणजे आपल्या ञ च्या जवळचा आवाज. एच कुठेच बोलत नाही. शब्दाच्या शेवटचं व्यंजन बहुधा मुकं असतं, फक्त सी, आर, एफ आणि एल ही चार बहुधा बोलतात. त्यातही ज्या क्रियापदांच्या शेवटी ई-आर असतं त्यांचा आर मुकाच: 'बोलणे' म्हणजे 'पार्ले'. एवढ्या सामग्रीवर बरंचसं वाचन सुटतं.

ओघवती:
काळा_फळा, मुद्दा पटला, निष्कर्ष नाही पटला. दोष देवनागरीचा नाही, जास्तीच्या खुणा न करता ती वापरण्याचा आहे. मराठीत नसलेल्या आवाजांसाठी तीन खुणा ठरवल्या की काम भागतं:

पहिली खूण, गोल ओठांसाठी °. 'ई°' याचा अर्थ जीभ 'ई'च्या जागी, ओठ 'ऊ'सारखे. फ्रेंच यू हे अक्षर म्हणजे हाच आवाज. 'तू' म्हणजे 'ती°', रस्ता म्हणजे 'री°'. तसंच 'ए°': दोन म्हणजे 'दे°'. आणि 'ॲ°': तास म्हणजे 'ॲ°र', बहीण म्हणजे 'सॅ°र'.

दुसरी, चंद्रबिंदू. नाकातल्या स्वरांसाठी: आँ, ओँ, ॲँ. अनुस्वार वापरायचा नाही, कारण अनुस्वार दिसला की आपण त्याचा न, म किंवा ङ करतो.

तिसरी, नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब. झ़ आणि ज़.

र साठी खूण लागत नाही. फ्रेंचमधला प्रत्येक र घशातला, हे एकदा ध्यानात ठेवलं की झालं.

आणि शब्द आधी फ्रेंच अक्षरांत शाईने लिहायचा, त्याखाली देवनागरी पेन्सिलने. खाली न बघता बरोबर वाचता यायला लागला की पेन्सिल खोडून टाकायची. महिन्याभराने त्या पानावर फक्त फ्रेंच उरलं पाहिजे.

उंबरठा:
गोल खूण फारच उपयोगी. 'दसी°' म्हणजे वर आणि 'दसू' म्हणजे खाली. एका स्वराने अर्थ बरोब्बर उलटा होतो. साध्या देवनागरीत दोन्ही 'दसू' लिहिले जातात आणि तिथेच घोटाळा होतो.

नवा_भिडू:
ई° म्हणायला गेलं की दर वेळी 'यू'च येतो. री° चं 'र्यू' होतं. काय चुकतं?

ओघवती:
जीभ आणि ओठ एकामागून एक हलतात म्हणून. 'यू' हे दोन आवाज आहेत, ई° हा एकच आहे. क्रम उलटा करून बघा. आधी शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करा. आता ओठ अजिबात न हलवता 'ई' म्हणायचा प्रयत्न करा आणि आवाज पाच सेकंद धरून ठेवा. समोर आरसा हवाच. ओठ बाजूला ताणले गेले तर 'ई' ऐकू येईल, जीभ मागे सरकली तर 'ऊ'. स्वर एकटा स्थिर झाला की मग व्यंजन लावायचं: सी°, ती°, दी°. इथे महत्त्वाचं असं की ओठ व्यंजनाच्या आधीच गोल झालेले हवेत. 'स' म्हणून झाल्यावर ओठ गोल केले की मधे य घुसतो.

शेवटी ई, ई°, ऊ असे तिन्ही ओळीने म्हणा. ई ते ई° फक्त ओठ हलतात, ई° ते ऊ फक्त जीभ.

तळटीप:
व्यंजनांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून सविस्तर लिहितो, कारण मराठीचा फायदा आणि तोटा दोन्ही इथे जास्तीत जास्त आहेत.

आधी फायदा. फ्रेंच टी आणि डी म्हणजे आपले त आणि द, जीभ दातांना लावून. मराठी माणूस इंग्रजीतून आला की ट आणि ड म्हणतो, आणि तेवढ्यावरून उच्चार परका वाटतो. वहीत कुठेही ट किंवा ड लिहायचाच नाही असा नियम करा. दुसरं, फ्रेंच प, त, क यांत हवेचा झोत नसतो. इंग्रजी बोलणाऱ्यांना तो मुद्दाम काढून टाकावा लागतो. आपल्याकडे प वेगळा आणि फ वेगळा, त वेगळा आणि थ वेगळा, त्यामुळे हे आपल्याला आयतंच मिळतं. तोंडासमोर कागदाची पट्टी धरा. 'पारी' (पॅरिस) म्हणताना ती जेमतेम हलली पाहिजे.

आता तोटा. आपले दोन्ही ज, 'जग'मधला आणि 'जीव'मधला, जीभ टेकवून सुरू होतात. फ्रेंच झ़ आणि ज़ मध्ये जीभ टेकतच नाही. श म्हणत राहा आणि न थांबता गळ्यातला आवाज सुरू करा, झ़ मिळेल. स म्हणत राहा आणि तसंच करा, ज़ मिळेल. गळ्यावर बोट ठेवलं की कंप लागतो. परीक्षा सोपी आहे: झ़ आणि ज़ पाच सेकंद लांबवता येतात, मराठी ज लांबवता येत नाही. हा फरक शोभेचा नाही. 'प्वासोँ' म्हणजे मासा, 'प्वाज़ोँ' म्हणजे विष. लिहिताना दोन एस म्हणजे स, दोन स्वरांच्या मधला एकटा एस म्हणजे ज़.

व बद्दलही तसंच. मराठी व धड ओठांचा नाही आणि धड दातांचा नाही. फ्रेंचमध्ये दोन वेगळे आहेत. व्ही हे अक्षर असेल तर वरचे दात खालच्या ओठावर. 'वा' आवाज ओ-आय मुळे आला असेल तर दात लावायचे नाहीत, ओठ गोल करायचे. 'पाहणे' या क्रियापदात दोन्ही एकापाठोपाठ येतात, 'व्वार'. हा एक शब्द नीट आला की दोन्ही व आले म्हणून समजा. एफ म्हणताना 'फळ'मधला फ नको, दात ओठाला लावूनच.

आणि र. जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकवून ठेवा आणि ते तिथून उठू देऊ नका. टोक उठलं की मराठी र आलाच. आता जिभेचा मागचा भाग पडजिभेकडे न्या आणि ग़ज़लमधला ग़ हळू म्हणा. तोच. प, त, क यांच्या नंतर त्याचा कंप जातो आणि तो ख़ सारखा ऐकू येतो. 'तीन' म्हणजे 'त्र्वा' हा जवळपास 'त्ख़्वा' असतो. खाकरल्यासारखा जोर लावू नका, घसा दुखला तर चुकतंय असं समजा.

रिकामा_बाक:
तळटीप, र ची युक्ती छान. टोक खाली टेकवून ठेवायचं हे कोणी सांगत नाही.

पानगळ२:
नाकातल्या स्वरांवर थोडं. 'चांगला' या अर्थाचा 'बोँ' मराठी तोंडी 'बॉन' किंवा 'बोंग' होतो. कारण सरळ आहे. आपला अनुस्वार पुढच्या व्यंजनाप्रमाणे बदलतो: 'अंक'मध्ये ङ, 'अंत'मध्ये न, 'अंबर'मध्ये म. म्हणजे तोंड कुठेतरी बंद होतंच. फ्रेंच स्वर संपतो तेव्हा तोंड उघडंच असतं, जीभ कशालाही लागलेली नसते, ओठही मिटलेले नसतात. स्वर संपल्यावर तिथेच थांबा आणि जीभ कुठे आहे ते बघा. टाळूला चिकटलेली असेल तर न किंवा ङ झालाय.

हा आवाज आपल्याला अगदी परका मात्र नाही. जुन्या मराठी लेखनात 'नांव', 'कांहीं' यांवर जो अनुस्वार देत तो असाच अनुनासिक स्वर दाखवायचा. प्रमाण बोलीत तो उच्चारला जात नाही म्हणून १९६२च्या लेखननियमांनी तो काढला. ज्यांच्या बोलीत किंवा कोकणीत तो अजून आहे, त्यांना फ्रेंच नाकातले स्वर लवकर साधतात.

सरावाला तीन शब्द: 'वॅँ' म्हणजे वाइन, 'वाँ' म्हणजे वारा, 'वोँ' म्हणजे (ते) जातात. तिन्ही वेगळे ऐकू आले पाहिजेत. लेखनात ए-एन आणि ई-एन म्हणजे बहुधा आँ, ओ-एन म्हणजे ओँ, आय-एन, ए-आय-एन आणि ई-आय-एन म्हणजे ॲँ. यू-एन साठी पूर्वी चौथा स्वर होता आणि काही भागांत अजूनही आहे, पण पॅरिसच्या बोलण्यात तो ॲँ मध्येच मिसळलाय. सुरुवातीला तीनच शिका.

एन किंवा एम च्या पुढे स्वर आला, किंवा तेच अक्षर दुप्पट झालं, की नाक सुटतं आणि साधा न किंवा म येतो. म्हणून पुल्लिंगी 'बोँ', स्त्रीलिंगी 'बॉन'. ज्याला 'बोँ' नीट म्हणता येत नाही तो नकळत सगळ्यांना स्त्रीलिंगी विशेषण लावत बसतो.

स्वल्पविराम:
वा, अपेक्षेपेक्षा खूपच जास्त मिळालं. 'मित्र' हा शब्द 'आमी', मग अनेकवचनात 'ले ज़ामी' ऐकू येतं. हा ज़ कुठून येतो? आणि तो कधी म्हणायचा, कधी नाही?

काळा_फळा:
अनेकवचनी आर्टिकल 'ले' याच्या शेवटी एस आहेच, एरवी मुका. पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की तो जागा होतो आणि पुढच्या शब्दाला चिकटतो. म्हणताना 'लेज़ - आमी' नाही, 'ले - ज़ामी'. संधीची सवय असलेल्या आपल्या कानाला हे जड जाऊ नये.

जागं झालेलं अक्षर आवाज बदलू शकतं. एस आणि एक्स चा ज़ होतो ('दे° ज़ॲ°र', दोन वाजता), डी चा त होतो ('ग्राँ तॉम', थोर माणूस). सुरुवातीला तीन ठिकाणी जोड करायचीच: आर्टिकल आणि नाम, सर्वनाम आणि क्रियापद, नामाआधीचं विशेषण आणि नाम. दोन ठिकाणी करायचीच नाही: 'आणि' या अर्थाच्या 'ए' नंतर आणि एकवचनी नामानंतर. उरलेल्यांपैकी बऱ्याच जागा ऐच्छिक आहेत, सुरुवातीला नाही केल्या तरी चालतं.

एक सापळा. एच मुका असला तरी काही शब्दांत तो जोड अडवतो. कोशात अशा शब्दांना खूण केलेली असते. 'नायक' याचं अनेकवचन 'ले एरो'. तिथे ज़ घातलात तर 'ले ज़ेरो', म्हणजे 'शून्यं' होतं. गंमत म्हणजे नायिकेच्या शब्दाला ही अडवणूक नाही, 'ले ज़ेरोईन' बरोबर.

रिकामा_बाक:
आता दुसरा प्रश्न, लिंग.

शब्द 'ल' (पुल्लिंगी आर्टिकल) किंवा 'ला' (स्त्रीलिंगी) लावून पाठ करा असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. पुढे स्वर आला की या दोन्हींचा नुसता ल उरतो आणि लिंग झाकलं जातं. 'शाळा' म्हणजे 'लेकॉल', यावरून काय कळणार? म्हणून 'एक' लावून पाठ करायचं: पुल्लिंगी 'ॲँ', स्त्रीलिंगी 'ई°न'. 'ई°न एकॉल', प्रश्न मिटला. त्याहून चांगलं म्हणजे एक विशेषणही जोडायचं. 'ॲँ पती लीव्र' लहान पुस्तक, 'ई°न पतीत फ्लॅ°र' लहान फूल. पती आणि पतीत हा फरक कानाला लागतो आणि लिंग कानातच बसतं.

मराठी लिंग फ्रेंचला लावायचं नाही. सूर्य दोन्हीकडे पुल्लिंगी (सोलॅय), खिडकी दोन्हीकडे स्त्रीलिंगी (फनॅत्र), पण चंद्र तिकडे स्त्रीलिंगी (ली°न). आपले नपुंसकलिंगी शब्द तर कुठे जातील ते सांगताच येत नाही: पुस्तक आणि झाड पुल्लिंगात, फूल आणि दार स्त्रीलिंगात. जे शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहेत त्यांची वेगळी यादी करून त्यांवर दुप्पट वेळ द्या.

शेवटावरून बरंच कळतं. टी-आय-ओ-एन शेवट, म्हणजे 'स्योँ': स्त्रीलिंगी. 'ते': बहुधा स्त्रीलिंगी, अपवाद उन्हाळा, बाजू असे काही शब्द. 'एत': स्त्रीलिंगी. ए-एन-सी-ई किंवा ई-एन-सी-ई, म्हणजे 'आँस': स्त्रीलिंगी, अपवाद 'शांतता' (सीलाँस). दुसरीकडे 'माँ' (एम-ई-एन-टी), 'ईस्म', 'आझ़' आणि ई-ए-यू हे पुल्लिंगी. 'आझ़'ला अपवाद पान, चित्र, पिंजरा आणि समुद्रकिनारा यांचे शब्द. ई-ए-यू ला अपवाद पाणी आणि त्वचा. हे अपवाद नेहमीच्या वापरातले असल्यामुळे यादी लहान असली तरी चुका इथेच जास्त होतात.

उंबरठा:
+१. यात विशेषणाच्या जागेचीही भर घालतो. मराठीत विशेषण कायम आधी, फ्रेंचमध्ये बहुधा नंतर: पांढरं घर म्हणजे 'ई°न मेज़ोँ ब्लाँश'. आधी येणारी मोजकीच आहेत, म्हणजे मोठा, लहान, चांगला, वाईट, सुंदर, तरुण, म्हातारा, नवा. रंग आणि राष्ट्रीयत्व नेहमी नंतर.

माझा-माझी मात्र अगदी आपल्यासारखं, मालकीच्या वस्तूप्रमाणे बदलतं: 'मोँ फ्रॅर' माझा भाऊ, 'मा सॅ°र' माझी बहीण. त्याचा आणि तिचा असा भेद नाही, दोघांचाही भाऊ 'सोँ फ्रॅर'. शब्द स्त्रीलिंगी असून स्वराने सुरू होत असेल तर 'मा' नाही, 'मोँ'. म्हणून माझी मैत्रीणही 'मोँ नामी'.

दूरचा_दिवा:
मराठीचा सगळ्यात मोठा फायदा अजून कोणी सांगितला नाही. भूतकाळ.

आपण म्हणतो 'मी निबंध लिहिला' आणि 'मी चिठ्ठी लिहिली'. लिहिणारा तोच, क्रियापद कर्माप्रमाणे बदललं. 'तो गेला', 'ती गेली' यांत कर्त्याप्रमाणे बदललं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही कल्पनाच नवी असते, आपल्या ती अंगवळणी पडलेली आहे. फ्रेंचच्या रोजच्या भूतकाळात नेमके हेच दोन प्रकार आहेत. 'असणे' हे सहायक घेणारी क्रियापदं कर्त्याप्रमाणे बदलतात: ती गेली, 'एल ए ताले', लिहिताना शेवटी एक जास्तीचा ई. 'जवळ असणे' हे सहायक घेणारी क्रियापदं कर्माप्रमाणे बदलतात, पण कर्म आधी आलं असेल तरच. 'झ़े एक्री ला लॅत्र', मी चिठ्ठी लिहिली, इथे कर्म नंतर आहे म्हणून बदल नाही. 'ला लॅत्र क झ़े एक्रीत', मी लिहिलेली चिठ्ठी, इथे कर्म आधी आलं, म्हणून स्त्रीलिंगी रूप, आणि शेवटचा त ऐकूही येतो. 'लिहिलेली' हे रूप मनात आणा, चूक होणारच नाही.

उंबरठा:
दूरचा_दिवा, निरीक्षण सुरेख आहे, पण नवशिक्यावर कर्माचा नियम लादू नका. आधी 'असणे' घेणारी क्रियापदं पक्की होऊ देत: जाणे, येणे, पोहोचणे, निघणे, आत जाणे, बाहेर जाणे, वर जाणे, खाली उतरणे, जन्मणे, मरणे, थांबणे, पडणे, बनणे, परतणे. शिवाय सगळी स्वतःवर क्रिया करणारी, म्हणजे उठणे, कपडे घालणे वगैरे. एवढ्यांना कर्त्याप्रमाणे शेवट लावता आला तरी सुरुवातीला पुष्कळ.

आणि मराठीचा सापळा इथेही आहे. अकर्मक दिसलं की 'असणे' लावायचं, असं नाही. झोपणे, चालणे, धावणे अकर्मकच, पण त्यांना 'जवळ असणे' लागतं: 'झ़े दॉर्मी'. वरच्या यादीत बहुतेक सगळीकडे जागा किंवा अवस्था बदलते. नुसत्या हालचालीने भागत नाही, कुठून तरी कुठे तरी जायला हवं.

दूरचा_दिवा:
मान्य. क्रम तुम्ही म्हणता तोच ठेवावा.

पानगळ२:
'जवळ असणे' या क्रियापदावरून आठवलं. वय, भूक, तहान, थंडी, भीती यांना फ्रेंचमध्ये हेच लागतं. 'झ़े फॅँ' मला भूक लागली. 'झ़े वॅँ ताँ' मी वीस वर्षांचा आहे. मराठीतला 'आहे' किंवा इंग्रजीतलं 'ॲम' डोक्यात ठेवून भाषांतर केलं की इथे हमखास चुकतं. ही पाच-सहा वाक्यं सुटी सुटी न शिकता एकाच दिवशी एकत्र पाठ करा.

नवा_भिडू:
अवांतर विचारतो. आकडे ७०च्या पुढे अजिबात कळत नाहीत. ऐकून लिहायचं कसं?

उंबरठा:
१ ते १६ स्वतंत्र शब्द, पुढे दहाच्या पटीत ६०पर्यंत. मग ७० म्हणजे साठ-दहा (स्वासाँत दीस), ७१ म्हणजे साठ आणि अकरा. ८० म्हणजे चार-विसा (कात्र वॅँ), ८१ म्हणजे चार-विसा-एक, यात 'आणि' नाही. ९० चार-विसा-दहा, ९१ चार-विसा-अकरा. मराठीत शंभरही आकड्यांना वेगवेगळे शब्द पाठ करणाऱ्याला हे जड जायचं कारण नाही, फक्त ऐकताना घाई नको.

फ्रान्समध्ये फोन नंबर दहा आकड्यांचा आणि तो दोन-दोनच्या पाच जोड्यांत सांगतात. 'स्वासाँत' ऐकल्याबरोबर ६ लिहू नका, पुढचा शब्द ऐका. तो १ ते ९ असेल तर ६, दहा किंवा त्याहून मोठा असेल तर ७. 'कात्र वॅँ' नंतरही तसंच, ८ की ९ ते पुढच्या शब्दावर ठरतं. वहीत ६० ते ९९ मधल्या जोड्या उलटसुलट लिहून कोणाकडून तरी वाचून घ्या.

सहा आणि दहा यांचे तीन-तीन उच्चार आहेत. एकटा असेल तर 'सीस', पुढे व्यंजन असेल तर 'सी', पुढे स्वर असेल तर 'सीज़'. दहाचंही तसंच. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये ७० आणि ९० ला सरळ 'सेप्ताँत' आणि 'नोनाँत' म्हणतात. तेही कळावेत, पण बोलायला एकच पद्धत धरा.

तळटीप:
'मराठी कुठे आडवी येते' याचं खरं उत्तर आर्टिकल. आपल्याकडे तो प्रकारच नाही, त्यामुळे ती गळतात किंवा अंदाजाने लावली जातात. कॉफीवर तीन वाक्यं पाठ करा. 'झ़ॅम ल काफे', मला कॉफी आवडते. आवडनिवड सांगताना सगळी कॉफी, म्हणून 'ल'. 'झ़ प्राँ दी° काफे', मी कॉफी घेतो. थोडी, न मोजलेली, म्हणून 'दी°'. 'झ़ न प्राँ पा द काफे', मी कॉफी घेत नाही. नकार आला की 'दी°'चा 'द' होतो. स्त्रीलिंगी शब्दाला दुसऱ्या वाक्यात 'द ला', तिसऱ्यात पुन्हा 'द'च. 'पुष्कळ' वगैरे प्रमाण सांगणाऱ्या शब्दानंतरही 'द'.

नकारात दोन गोष्टी बदलत नाहीत. 'आवडत नाही' म्हणताना 'ल' तसाच राहतो. आणि 'असणे' असेल तर 'एक'ही तसाच राहतो: 'स ने पा ॲँ लीव्र', हे पुस्तक नाही. नवशिक्यांच्या वहीत सर्वांत जास्त लाल रेघा इथे असतात.

काळा_फळा:
शब्दसंग्रहापुरती इंग्रजीची बाजू घेतो. धाग्याच्या पहिल्या मजकुरात इंग्रजीला फारच बाहेर बसवलंय. लिखित शब्द ओळखायला इंग्रजीसारखी मदत दुसरी नाही, 'स्योँ' शेवटाचे बहुतेक शब्द न शिकता कळतात. स्वरावरची टोपी अनेकदा पूर्वीचा गळलेला एस दाखवते. 'ओपीताल' आणि 'फोरॅ' या शब्दांत टोपीच्या जागी एस घाला, हॉस्पिटल आणि फॉरेस्ट समोर येतात. १९९०च्या लेखनसुधारणेनंतर आय आणि यू वरची टोपी बहुतेक शब्दांत ऐच्छिक झाली, त्यामुळे काही पुस्तकांत ती दिसेल, काहींत नाही.

फसवे शब्द मात्र वेगळे लिहून ठेवा. 'लीब्रेरी' म्हणजे पुस्तकांचं दुकान. वाचनालय म्हणजे 'बीब्लिओतेक'. 'रेस्ते' म्हणजे थांबणं, विश्रांती घेणं नाही. 'दमाँदे' म्हणजे विचारणं, मागणं. त्यात हट्ट नाही. 'आक्ती°एलमाँ' म्हणजे सध्या. 'मॉने' म्हणजे बहुधा सुटे पैसे. आणि अर्जातला 'नोँ' हा रकाना म्हणजे आडनाव. स्वतःचं नाव 'प्रेनोँ'मध्ये लिहायचं.

नवा_भिडू:
डेल्फ ए-वन (फ्रेंचची सगळ्यात पहिल्या पातळीची) परीक्षेला यातलं किती लागतं?

रिकामा_बाक:
ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकाला २५ गुण, एकूण १००. पास व्हायला ५० लागतात आणि प्रत्येक भागात किमान ५ हवेत. लेखनात एक अर्ज भरायचा असतो (वरचा आडनावाचा मुद्दा इथेच कामाला येतो) आणि किमान ४० शब्दांचा साधा मजकूर लिहायचा असतो. तोंडी परीक्षा पाच ते सात मिनिटांची, तयारीला दहा मिनिटं. तिथे नावाची अक्षरं सांगायला लागू शकतात, म्हणून अक्षरांची फ्रेंच नावं चोख हवीत. जी ला 'झ़े' आणि जे ला 'झ़ी' म्हणतात, इंग्रजीच्या बरोबर उलट. आय ला 'ई' म्हणतात. परीक्षकाशी बोलताना 'वू' (तुम्ही), 'ती°' नाही. 'वू'बरोबर क्रियापद अनेकवचनी, पण समोर एकच व्यक्ती असेल तर विशेषण एकवचनी. प्रमाणपत्राला मुदत नसते.

स्वल्पविराम:
सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर ठरलं: खुणा घालून देवनागरी, तीही पेन्सिलने. काळा_फळा यांचा इंग्रजीबद्दलचा मुद्दाही मान्य, डोळ्यांसाठी इंग्रजी चालेल, कानासाठी आणि व्याकरणासाठी मराठी. शेवटचं एक विचारते. क्रियापदाची सहा रूपं पाठ करताना लोक कंटाळून सोडून देतात. कुठून सुरुवात करावी?

काळा_फळा:
पेन्सिलला माझी हरकत नाही, खोडणार असाल तर.

क्रियापदं कागदावर सहा, कानाला कमी. 'पार्ले' घ्या. मी, तू, तो, ते यांची चारही रूपं वेगवेगळी लिहितात किंवा दिसायला सारखी असतात, पण ऐकायला सगळीकडे 'पार्ल'. 'आम्ही'साठी रोजच्या बोलण्यात 'नू पार्लोँ'ऐवजी 'ओँ पार्ल' म्हणतात, तेही 'पार्ल'च. उरलं 'वू पार्ले'. म्हणजे बोलायला दोनच आवाज. ई-आर शेवटाची क्रियापदं सर्वांत जास्त आहेत, एक 'जाणे' सोडलं तर जवळजवळ सगळी याच चालीवर जातात. आधी हे दोन आवाज वीसेक क्रियापदांवर फिरवा, लेखनातले शेवट नंतर. 'असणे', 'जवळ असणे', 'जाणे' आणि 'करणे' ही चार मात्र पहिल्या आठवड्यापासून पूर्ण पाठ हवीत, त्यांना पर्याय नाही.

ओघवती:
याला जोडून स्वराने सुरू होणारं एक क्रियापद घ्याच, म्हणजे जोडही पक्की होते. 'राहणे', आबीते. मोठ्याने म्हणा: झ़ाबीत, ती° आबीत, ईल आबीत, ओँ नाबीत, वू ज़ाबीते, ईल ज़ाबीत. तिसरं आणि शेवटचं नीट ऐका. 'तो राहतो' आणि 'ते राहतात' यांत कानाला ऐकू येणारा फरक फक्त त्या ज़ चा आहे, आणि 'पार्ले'मध्ये तर तेवढाही नाही.